दुधी काच आणि दुभंगलेली रेघ

ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने १९३६ साली ‘किने एक्झाक्टा’ आणला, तेव्हा फोटो काढणाऱ्याला मान खाली घालावी लागे. भिंगातून आलेला उजेड आरशावरून वर दुधी काचेवर पडे आणि चित्र तिथे उमटे, तेही डावं-उजवं उलटं. पळणारं पोर काचेवर भलतीकडेच पळे. १९४९च्या काँटॅक्स एसमध्ये पेंटाप्रिझम आलं. मान सरळ झाली, चित्रही सुलटलं. काचेचं दुखणं मात्र राहिलंच.

काच खरखरीत नसेल तर तिच्यावर चित्र ठरत नाही, आणि खरखरीत असेल तर ती उजेड खाते. कोपरे तर अंधारातच. त्यांच्या मदतीला धावलं दीपगृहाचं भिंग! ऑगस्तँ फ्रेनेलने १८२०च्या दशकात दिव्यांसाठी घडवलेल्या खाचाखाचांच्या भिंगाची चपटी आवृत्ती काचेला जोडली गेली.

नेमका फोकस कळण्यासाठी मधोमध दोन इवल्या पाचरी उलटसुलट कलवून बसवल्या. समोरच्याच्या शर्टाची बटणपट्टी त्या वर्तुळात धरली की ती मध्येच तुटते. खालचा तुकडा एकीकडे, वरचा दुसरीकडे. रिंग फिरवत जायचं. पट्टी सांधली की बटण दाबायचं. आडव्या रेघेपुढे ही युक्ती लंगडी पडे, म्हणून निकॉनने आपल्या ‘एल’ काचेत, म्हणजे स्क्रीनमध्ये, चीर ४५ अंशांत तिरकी दिली. भिंग एफ/५.६ किंवा त्याहून मंद असेल, तर मात्र अर्धं वर्तुळ काळंठिक्कर.

१९५९च्या निकॉन एफमध्ये प्रिझम काढून स्क्रीन बदलता येई: इमारतींसाठी चौकटींची ‘ई’, सूक्ष्मदर्शकासाठी ‘एम’. ऑलिंपस ओएम-१ची स्क्रीन तर भिंग काढून पुढूनच चिमट्याने निघे. तिच्यावरचा धुळीचा कण फोटोत कधीच येत नाही, नुसता डोळ्यांत खुपतो; आणि तो पुसण्याच्या नादात पडलेला ओरखडा जन्माचा सोबती होतो.

१९७७च्या एक्सडी मालिकेत मिनोल्टाने ‘अ‍ॅक्युट मॅट’ काढली. वेड्यावाकड्या खरखरीऐवजी तिच्यावर असंख्य सूक्ष्म भिंगांची शिस्तीत मांडणी होती. दृश्य लख्ख झालं. पुढे हॅसलब्लाडनेही तीच घेतली. १९८५च्या मिनोल्टा ७०००पासून फोकसचं काम कॅमेराच करू लागला, आणि पाचरी दिसेनाशा झाल्या.

लख्खपणाची किंमत कळते ती एफ/१.४चं जुनं भिंग असल्या लख्ख काचेच्या कॅमेऱ्यावर चढवल्यावर. छिद्र १.४वरून २.८वर आणा, डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून पाहा: काचेवर काहीच बदलत नाही. फिल्मवर मात्र बदलतं.