इकडे आड, तिकडे विहीर

संकटांत सांपडलेल्या माणसाची कोंडी सांगतांना प्रत्येक भाषा आपल्याच भूमीकडे पाहते. बेटावर राहणारा इंग्रज म्हणतो, एका बाजूस सैतान आणि दुसऱ्या बाजूस अथांग सागर. संस्कृत पंडित म्हणतो, ‘इतो व्याघ्र इतस्तटी’. इकडे वाघ, तिकडे कडा. आमच्या पठारावर पाणी खडकाखालीं खोल. म्हणून मराठी माणूस म्हणतो, ‘इकडे आड, तिकडे विहीर’. जें जीव जगवितें, त्यांतच पडण्याची भीति!

या म्हणीचा अर्थ सोलापूरकरांनीं १९३० सालीं अनुभविला. ५ मे रोजीं महात्मा गांधींना अटक झाली, शहर खवळलें, गोळीबार झाला, पोलीसही मारले गेले आणि १२ मे रोजीं मार्शल लॉ पुकारण्यांत आला. गांधी टोपी घालणें हा गुन्हा ठरला. टोपी ठेवावी तर शिक्षा, उतरवावी तर मानहानि. पुढें पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली.

म्हण दोन्ही खड्ड्यांना सारखेंच लेखते. परंतु टोपी न उतरवितां शिक्षा सोसणाऱ्या नागरिकांनीं दाखविलें कीं, ते सारखे नसतात. एकांत देहाला इजा होते, दुसऱ्यांत मन बुडतें. यांतला कोणता पत्करावा, हें म्हण सांगत नाहीं. तें सोलापूरचा इतिहास सांगतो.