प्रिंटर आपोआप दिसतो, तो कसा?

फोनवर 'प्रिंट' दाबलं की जवळचा प्रिंटर यादीत हजर. ही सोय नवी नाही बरं का. १९८५ च्या सुमारास ॲपलटॉकमध्ये ती होती: केबल जोडा, 'चूजर' उघडा, प्रिंटर निवडा.

पुढे सगळीकडे इंटरनेटचं आयपी आलं आणि ही सोय हरवली. पत्ते हाताने टाका, नाहीतर सर्व्हर सांभाळायला माणूस ठेवा. घरात तो कुठून आणणार?

स्टुअर्ट चेशायर या इंजिनिअरने पाठपुरावा केला. १९९९ मध्ये आयईटीएफचा 'झिरोकॉन्फ' गट सुरू झाला. २००२ मध्ये ॲपलने मॅकमध्ये 'राँदेव्हू' आणलं. नावावरून कोर्टकचेरी झाली आणि २००५ मध्ये त्याचं 'बाँजूर' झालं.

युक्ती साधी आहे. मध्ये सर्व्हरच नाही. फोन २२४.०.०.२५१ या पत्त्यावर हाक मारतो, "प्रिंटर कोण आहे?" आणि प्रिंटर स्वतःच ओ देतो.

पण ही उत्तरं कुठलंही ॲप ऐकू शकतं आणि घरातल्या उपकरणांवरून तुम्हाला ओळखू शकतं. म्हणूनच २०२० पासून आयफोन आधी तुमची परवानगी मागतो. तेव्हा सवयीने 'हो' दाबू नका. टॉर्चच्या ॲपला तुमचा प्रिंटर कशाला शोधायचाय?