शिलावर्तुळे, विदर्भातील

महापाषाण संस्कृतीच्या लोकांनी लोहयुगात, सुमारे इ. स. पू. १००० ते ३०० या काळात, बांधलेली दफनस्थाने. नागपूर जिल्ह्यात ती दाटीने आढळतात; जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड ही त्यांतली महत्त्वाची ठिकाणे.

रचना दिसायला साधी आहे. मोठ्या धोंड्यांचे कडे रचायचे, आत मृताच्या अस्थी आणि सोबतच्या वस्तू ठेवायच्या, वर माती व दगडगोट्यांची भर घालायची. चिरेबंदी खोली सहसा नसते, आणि दार तर नसतेच. आयर्लंडमधील न्यूग्रेंजच्या थडग्याशी (सुमारे इ. स. पू. ३२००) तुलना केली की या गोष्टीचे महत्त्व कळते. तिथे टेकाडाच्या पोटात सुमारे १९ मीटर लांबीची दगडी वाट जाते. आतल्या दालनाचे छत दगडांचे थर आत सरकवत नेऊन मिटवले आहे, आणि दक्षिणायनाच्या अखेरीस उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून तिथवर पोचतो. वाट ठेवली म्हणजे पुन्हा आत जाण्याची सोय ठेवली. विदर्भातली भर मात्र एकदा घातली की दफन बंद झाले. ‘महापाषाण’ हे नाव दोन्हींना लावले जात असले, तरी या परंपरांमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. त्यांचे नाते जोडू नये. वाट असलेली दालने पाहायची तर बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळच्या कोण्णूरला जावे. अशा दालनांचा सविस्तर अभ्यास अ. सुंदर यांच्या १९७५ च्या ग्रंथात आहे.

जुनापाणी येथे रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ च्या सुमारास आणि बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये उत्खनन केले. माहुरझरीचे काम शां. भा. देव यांनी १९७० नंतर हाती घेतले. तिथल्या दफनात माणसासोबत घोडाही निघाला, तोंडावर तांब्याचा साज ल्यालेला. लोखंडी लगामाच्या कड्या, कुऱ्हाडी, खंजीर, पक्ष्याच्या आकाराची मूठ असलेली तांब्याची झाकणे या दफनांत सापडतात. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली, त्यामुळे हे लोखंड इथेच बनत होते हे स्पष्ट झाले.

जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. उन्हाची तिरीप पडली की ते ठळक दिसतात.