कलम २१२ च्या यादीत आपण नाही



दुबई-अबू धाबीत राहणाऱ्या आपल्या घरांत कोणी वारले की मिळकत दोन देशांत विखुरलेली असते. तिकडे बँकेतले पैसे, नोकरीची ग्रॅच्युइटी, गाडी. इकडे ठाण्या-मुंबईतला फ्लॅट, ठेवी, एखाद्याची अलिबागकडची वडिलोपार्जित वाडी. वकिलाशिवाय हे उरकता येईल का, असे बरेच जण विचारतात. येते. पण शेजारच्या हिंदू किंवा ख्रिस्ती कुटुंबाने सांगितलेली वाट आपल्याला चालत नाही, आणि त्याचे मूळ जुने आहे.

तोरात मुलगे असताना मुलींना वाटा नाही, थोरल्या मुलाला दुप्पट. सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या त्या भाऊ नव्हता म्हणून. ब्रिटिशांनी १८६५ चा उत्तराधिकार कायदा केला, त्यातून हिंदू, मुसलमान आणि बौद्ध वगळले गेले. पारशांनी त्याच वर्षी आपल्यापुरता वेगळा कायदा करून घेतला. आपण काहीच मागितले नाही, त्यामुळे आपण सर्वसाधारण कायद्यात राहिलो. त्याचा फायदाही झाला: विधवेला एक तृतीयांश, उरलेले मुलगे आणि मुली यांना सारखे. हिंदू मुलींना बापाच्या मिळकतीत असा वाटा १९५६ साली मिळाला. आपल्या मुलींना, कागदावर तरी, १८६६ पासून होता. प्रत्यक्षात किती बहिणींनी तो घेतला, हा प्रश्न मी इथे उकरत नाही.

तोच नियम १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात आला. त्यातले कलम २१२ सांगते की मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या मिळकतीवर कोर्टात हक्क सांगायचा, तर आधी ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ काढा. मग सूट कोणाला, त्याची यादी आहे: हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन, भारतीय ख्रिस्ती, पारशी. ख्रिस्ती लोकांना ही सूट १९०१ च्या कायद्याने मिळाली होती. पारशांचे नाव १९६२ साली घातले गेले. ज्यू त्या यादीत नाहीत. १९६२ साली आपले सगळे लक्ष जेरुसलेमकडे होते. मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नांआधी वंशाची चौकशी करायला सांगितली होती आणि तो वाद १९६४ पर्यंत धुमसत राहिला. या कायद्यातल्या एका ओळीसाठी दिल्लीला अर्ज करायला तेव्हा कोणाला सुचले असेल असे मला वाटत नाही.

या एका ओळीचा परिणाम असा. ठेवी आणि शेअर्ससाठी लोक जे वारसा प्रमाणपत्र काढतात, ते कलम ३७० प्रमाणे अशा मिळकतीला मिळतच नाही, कारण तिथे कलम २१२ लागते. बँकेतला माणूस ‘सक्सेशन सर्टिफिकेट आणा’ म्हणतो, कारण त्याच्याकडे येणारे बहुतेक लोक यादीतले असतात. मृत्युपत्र केलेल्यांची वाट मात्र आता सोपी झाली आहे. प्रोबेट सक्तीचे करणारे कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकले. कलम २१२ तसेच राहिले.

आता अमिरातीकडे. तिथे गैरमुस्लिमांसाठी २०२२ चा कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर अर्धे नवऱ्याला किंवा बायकोला, अर्धे मुलांना सारखे. म्हणजे दुबईच्या खात्यात बायकोला अर्धा वाटा, मुंबईच्या फ्लॅटमध्ये एक तृतीयांश. एकाच घरात दोन हिशेब! त्यातून एखाद्या वारसाने मागणी केली, तर तिकडेही मृताच्या देशाचा कायदा लावता येतो; भावंडांचे बिनसते ते इथेच. मृत्युपत्राची नोंद अबू धाबीच्या न्याय विभागात किंवा दुबईत डीआयएफसीच्या कोर्टाकडे करता येते, त्यासाठी वकील लागतोच असे नाही. भारतातल्या मिळकतीसाठी वेगळे मृत्युपत्र करावे. मात्र एकाने दुसरे रद्द होणार नाही, एवढे त्यात स्पष्ट लिहावे.

मृत्युपत्र नसेल, तर मुंबईत अर्ज स्वतः करता येतो. त्यात मृत्यूची तारीख आणि ठिकाण, सर्व नातलग आणि त्यांचे पत्ते, आपला हक्क कशावरून आणि मिळकत किती, हे द्यायचे. बाकीच्या वारसांची लेखी संमती आधी जोडली की काम हलके होते. दुबई सोडता येत नसेल, तर कलम २४३ प्रमाणे मुंबईतल्या नातलगाला मुखत्यार करून त्याच्या नावे लेटर्स मागता येतात. ते मुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित करा आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा.

आपले अर्ज अडतात ते बहुधा नावावर. जुन्या सातबाऱ्यावर ‘सामाजी’, शाळेच्या दाखल्यावर ‘सॅम्युएल’; रेशनकार्डावर पेणकर, पासपोर्टवर आडनावाच्या जागी वडिलांचे नाव. ही सगळी नावे एकाच माणसाची आहेत असे प्रतिज्ञापत्र आणि त्याला पुरावे लागतात. भारतात ज्यूंच्या विवाहाचा स्वतंत्र लिखित कायदा नाही, त्यामुळे कतुबा आणि मशिदीच्या वहीतली लग्नाची नोंद यांना मोठे वजन आहे. लग्न ज्या मशिदीत झाले तिथून तो उतारा आईवडील हयात असतानाच मागून घ्या. वहीत लग्नाचे साक्षीदार कोण होते, हे तेच ओळखून सांगू शकतात.