ओंगकोर : उभ्या पिकाची प्रदक्षिणा



सुगीचा सण म्हटला की धान्य घरात आल्यानंतरचा आनंद डोळ्यांसमोर येतो. मध्य तिबेटमधील ‘ओंगकोर’ मात्र कापणीपूर्वी येतो. ‘ओंग’ म्हणजे शेत, ‘कोर’ म्हणजे फेरा. जवाची कणसे पिवळी पडली आहेत, पण विळा अजून लागलेला नाही, अशा वेळी सारा गाव आपल्या शिवाराला प्रदक्षिणा घालतो. त्याचा दिवस पंचांगाने ठरत नाही. ऑगस्टच्या सुमारास पिकाची अवस्था पाहून गावच तो ठरवितो.

या क्रमामागे तेथील शेतीचे भय आहे. यारलुंग, ल्हासा, शिगात्से ही खोरी साडेतीन हजार मीटर वा त्याहून अधिक उंचीवर वसलेली. वर्षभराचा त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ, एकाच हंगामावर अवलंबून. अखेरच्या दिवसांत गारांची एक सर कोसळली, तर वर्षाचे अन्न मातीत जाते. गारपीट थोपविणाऱ्या मांत्रिकांना जुन्या तिबेटात मान होता, तो याच कारणाने. ओंगकोर हा आनंदोत्सव खराच. पण त्याच्या गाभ्याशी प्रार्थना आहे.

परंपरा या सणाचा उगम यारलुंग खोऱ्यात, बौद्ध धर्माच्या आगमनापूर्वीच्या पुदे गुंग्याल राजाच्या काळात सांगते. नांगर आणि पाटाचे पाणी यांचे श्रेयही आख्यायिका त्याच काळाला देते. त्या वेळी बोन धर्माचा पुरोहित रेशमी पट्टी बांधलेला बाण घेऊन अग्रभागी चाले. आठव्या शतकात पद्मसंभवाच्या परंपरेचे मंत्र या विधीत आले. पुढे त्सोंगखापा (१३५७–१४१९) यांच्या गेलुग पंथाचा प्रभाव वाढला, तेव्हा बुद्धमूर्ती आणि ग्रंथ मिरवणुकीत आले. अग्रभागीचे दैवत बदलत गेले. शेताच्या बांधावरची वाट तीच राहिली.

ग्रंथांचे हे मिरविणे विशेष मननीय आहे. कांग्यूर, म्हणजे बुद्धवचनांचा सुमारे शंभर खंडांचा संग्रह, बव्हंशी संस्कृतातून भाषांतरित झालेला. त्याचे लाकडी फळ्यांत बांधलेले जड खंड स्त्री-पुरुष पाठीवर घेतात आणि धूप व पताकांमागून चालू लागतात. वाहणाऱ्यांपैकी अनेकांना त्यातील अक्षरही वाचता येत नसे. तरीही वर्षातील सर्वांत धास्तीच्या घडीला ग्रंथ त्यांच्यासोबत शेतात असे. फेरा संपला की हातातील कणसे घरच्या देव्हाऱ्यात आणि कणगीत ठेवायची. मग घोड्यांच्या शर्यती, तिरंदाजी, ल्हामो नाट्य आणि जवाचे मद्य, छांग.

१९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात असे विधी निषिद्ध ठरले आणि असंख्य पोथ्या नष्ट झाल्या. १९८० नंतर निर्बंध काहीसे सैल होताच हा फेरा पुन्हा सुरू झाला. वाट कोठून वळते, कोणत्या बांधाशी थांबायचे, हे सांगणारे वृद्ध अद्याप हयात होते. ग्रंथ हरवले, त्या काळात स्मरणाने वाट सांभाळली; आणि वाट राहिली, म्हणून ग्रंथांना परतायला ठिकाण उरले.