उभ्या जंगलाचे पैसे कोणी मोजायचे?

जंगल तोडून पैसा मिळतो, हे सर्वांनाच कळते. ते न तोडण्याचे पैसे कोणी द्यायचे, या प्रश्नाला लॅटिन अमेरिकेतील दोन छोट्या देशांनी अगदी निराळी उत्तरे दिली.

कोस्टा रिकात एके काळी जंगल साफ करणे म्हणजे जमीन ‘सुधारणे’ मानले जाई. त्या बळावर मालकीहक्कही सांगता येई. पुढे अमेरिकेला गोमांस पुरवण्यासाठी कुरणे वाढली आणि १९८० च्या दशकात वनाच्छादन एक चतुर्थांशाच्या आसपास उतरले. १९९६ च्या वनकायद्याने हा हिशेब उलटा केला. जंगल मोडून जमिनीचा वापर बदलण्यास बंदी आली. त्याच वेळी जंगल राखणाऱ्या मालकाला पाणी, जैवविविधता, कार्बनशोषण आणि निसर्गसौंदर्य या ‘सेवां’बद्दल मोबदला मिळू लागला. पैसा प्रामुख्याने इंधनावरील करातून आला. म्हणजे शहरात मोटार चालवणारा माणूस डोंगरावरच्या झाडांचे भाडे भरू लागला! आज निम्म्याहून अधिक देश वनाच्छादित आहे. (गोमांसाचे भाव कायद्याआधीच कोसळले होते, हे यशोगाथा सांगणारे बहुधा विसरतात.) मोबदल्यासाठी जमिनीची कागदपत्रे मात्र लागत. त्यामुळे सुरुवातीच्या काळात मोठा वाटा मोठ्या जमीनदारांकडे गेला; ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याला या योजनेत स्थान नव्हते.

इक्वेडोरने हात पुढे केला तो थेट जगापुढे. अॅमेझॉनमधील यासुनी राष्ट्रीय उद्यानाखाली खनिज तेल आहे. वर वाओरानी लोकांची वस्ती आहे आणि बाह्य जगाशी संपर्क नाकारणारे समूहही तिथे राहतात. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे प्रस्ताव ठेवला: तेल जमिनीतच ठेवू, पण बुडणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा भार जगाने उचलावा. रक्कम होती ३६० कोटी डॉलर. तापमानवाढीला श्रीमंत देश अधिक जबाबदार असल्याने मागणी न्याय्यच होती. प्रत्यक्षात हाती आले सुमारे १.३ कोटी. २०१३ मध्ये कोरेआ यांनी योजना गुंडाळली आणि २०१६ मध्ये तेलउपसा सुरू झाला. निसर्गाला घटनात्मक हक्क देणारा जगातील पहिला देश हाच, २००८ सालचा.

ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वमत झाले. सुमारे ५९ टक्के मतदारांनी तेल जमिनीतच ठेवण्याचा कौल दिला. या वेळी बदल्यात कोणाकडेही काही मागितले नव्हते. विहिरी बंद करण्यासाठी न्यायालयाने दिलेली एक वर्षाची मुदत मात्र सरकारने पाळली नाही.