टेबलाच्या खणातली बखर

आमच्या घरी लिहिण्याच्या टेबलाला तीन खण आहेत. वरच्यात पेन्सिली, खोडरबर आणि कुंचले. मधल्यात शाळेचे कागद आणि पुऱ्या न झालेल्या कादंबऱ्या. खालचा खण मात्र बंद पडलेल्या फोनांचा. दर दिवाळीच्या साफसफाईत आमची मंडळी तो खण ओढून ओटीवर आणते आणि विचारते, "यातला एक तरी टाकायचा का?" मी एकेक फोन हातात घेतो, धोतराच्या फडक्याने पुसतो आणि परत खणात ठेवतो. यंदा ती म्हणाली, "ठेवायचेच असतील तर निदान कशासाठी ठेवता ते एकदा लिहून तरी काढा." म्हणून हा प्रपंच.

मी दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात चित्रकलेचा मास्तर आहे. मॅट्रिकच्या पुढे माझे कॉलेज झाले नाही. पण आमच्या शाळेत माणसे कमी, त्यामुळे इतिहासाचे तासही माझ्याच गळ्यात आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची वाळवी लागलेली दप्तरे गोळा करून साधनांचे बावीस खंड छापले, हे मी मुलांना दरवर्षी अभिमानाने सांगतो. तेव्हा आपल्या घरचे दप्तर मी रद्दीत कसे घालू?

वाचकहो, मुंबईत टेलिफोनची कचेरी उघडली ती १८८२ साली, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरीने. बेलसाहेबांनी अमेरिकेत आपल्या मदतनिसाला तारेवरून हाक मारली त्याला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. इतक्या तातडीने आलेली ही वस्तू मुंबईहून आमच्या वाडीपर्यंत पोहोचायला मात्र शंभरावर वर्षे लागली. माझे वडील, आबा, परळच्या एका गिरणीत साच्यावर होते आणि गाववाल्यांच्या खोलीत वीसपंचवीस जणांत राहत. त्यांचा आणि आईचा संसार आंतर्देशीय पत्रांवर आणि मनिऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळींवर चालला. ती पत्रे आईच्या ट्रंकेत अजून आहेत. शाई फिकटली आहे, पण अक्षर लागते.

वाडीत पहिला फोन आला तो दुकानात, पिवळ्या पाटीखाली. काचेच्या खोक्यात उभे राहायचे आणि समोरच्या डबीवर तांबडे आकडे पळताना बघायचे. रात्री अकरानंतर दर चौथाई होत असे, म्हणून सारी वाडी अकरा वाजता कंदील घेऊन दुकानापुढे जमायची. मुंबईच्या लेकाशी बोलायला आलेली म्हातारी तांबड्या आकड्यांकडे बघता बघता काय बोलायचे तेच विसरून जाई आणि "बरा आहेस ना? ठेवते" एवढेच म्हणून बाहेर येई. त्या खोक्यातल्या बोलण्याचा कागद कोणी केला नाही. खरे तर इतिहासातले अर्धे बोलणे असेच गेले असणार.

हिंदुस्थानातला पहिला मोबाईल फोन वाजला ३१ जुलै १९९५ रोजी. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीत दळणवळणमंत्री सुखराम यांनी ऐकले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत, आणि विशेष म्हणजे ऐकणाऱ्यालाही पैसे पडत! आपल्याला कोणी हाक मारली म्हणून आपणच पैसे द्यायचे, हा न्याय २००३ सालापर्यंत चालला. त्या वर्षी येणारे फोन फुकट झाले, आणि माझ्या मते या देशात मोबाईलचा खरा इतिहास तिथून सुरू होतो. १९९५चा फोन मंत्र्यांचा होता. २००३चा फोन गवंड्याचा, भाजीवालीचा आणि मास्तरचा झाला.

खणातला सर्वांत जुना फोन त्याच पिढीतला आहे, नोकिया ११००. मी तो २००५ साली घेतला. फिनलंडमधली ही कंपनी १८६५ साली लाकडाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरू झाली आणि पुढे रबराचे बूटही करू लागली. चिखलात वापरायच्या वस्तू करण्याचा तो संस्कार असेल कदाचित, पण या फोनाच्या आकड्यांवर रबराचे एकसंध कातडे होते, त्यात धूळ शिरत नसे. आणि डोक्यावर विजेरी! जगभर असे पंचवीस कोटींहून अधिक फोन खपले. आमच्या वाडीत तो फोन म्हणून किती वापरला आणि विजेरी म्हणून किती, हा प्रश्नच आहे. कारण वाडी खोलगट जागी, तिथे रेंज शून्य. रेंज यायची ती वर सड्यावर, एका ठराविक कातळाशी. त्या जागेला 'रेंजचा कातळ' असेच नाव पडले. संध्याकाळी तिथे दहाबारा माणसे उभी असायची, सगळ्यांची तोंडे मुंबईकडे.

तिथे एक नवी भाषाही तयार झाली, पैसे न खर्चता बोलण्याची. एकदा वाजवून तोडले की 'सुखरूप पोहोचलो'. दोनदा वाजवले की 'तू कर, माझ्याकडे पैसे नाहीत'. आबांनी त्यात आपली भर घातली होती. मी तालुक्याला गेलो की ते तीनदा वाजवत. त्याचा अर्थ 'येताना तंबाखू'. मिस्ड कॉलवर कोणी प्रबंध लिहिला असेल तर मला ठाऊक नाही, पण तारखाते २०१३च्या जुलैत बंद झाले तेव्हा मला वाटले, तारेची खरी वारस हीच. शब्दाला पैसे पडतात म्हटल्यावर माणूस शब्द वाचवतो. इथे तर त्याने सगळेच वाचवले.

२००७च्या ऑगस्टमध्ये आमच्या शिक्षकखोलीत एक गंमत झाली. बीएल-५सी नावाच्या बॅटरीपैकी ठराविक काळात बनलेल्या काही तापतात, म्हणून त्या बदलून देऊ, असे कंपनीने जाहीर केले. साऱ्या जगातल्या मिळून चार कोटी साठ लाख बॅटऱ्या! प्रत्यक्ष तापल्याच्या तक्रारी होत्या शंभराच्या आसपास. पण बातमी आमच्याकडे पोहोचली ती 'फोन फुटतो' अशी. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी फोनांची पाठ उघडून आकडे वाचायला सुरुवात केली. गणिताच्या सरांनी आपला फोन रुमालात गुंडाळून मैदानाच्या कडेला पेरूच्या झाडाखाली नेऊन ठेवला आणि उरलेला दिवस खिडकीतून त्याच्यावर नजर ठेवली. फोन फुटला नाही. पेरू मात्र मुलांनी पाडले.

मग आले चिनी फोन. खणातला दुसरा तो, दोन सिमांचा, कर्ण्यासारखा आवाज असलेला. आबांना ऐकू कमी येऊ लागले होते, म्हणून त्यांच्यासाठी घेतला. त्याचे आयुष्य एका सरकारी हुकुमाने संपले. प्रत्येक फोनाला पंधरा आकड्यांचा एक जन्मक्रमांक असतो, आणि स्वस्त फोनांपैकी पुष्कळांना तो नव्हताच. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर सुरक्षेची काळजी वाढली होती. २००९च्या डिसेंबरपासून असे बेवारस फोन बंद करण्यात आले. आदल्या आठवड्यात जो तो फुली, चौकट, शून्य, सहा, चौकट दाबून आपल्या फोनाची कुंडली बघत होता. आबांच्या फोनावर पंधरा शून्ये आली. आबा म्हणाले, "म्हणजे हा जन्मलाच नाही की काय?" दुसऱ्या दिवसापासून त्यातून आवाज यायचा तो फक्त गाण्यांचा. पुढे दोन वर्षे आबांनी तो रेडिओ म्हणून उशाशी ठेवला.

मधले दोन फोन सोडून देतो. एक पाण्यात पडला आणि एक मला कधीच आवडला नाही.

२०१४ साली मी काचेचा, बोटाने चालवायचा फोन घेतला. असा फोन अमेरिकेत २००७ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी प्रथम दाखवला तेव्हा त्याची किंमत ऐकून आम्ही हसलो होतो. सात वर्षांत तो मास्तरच्या पगारात बसू लागला. माझ्यासारख्या लिहिणाऱ्या माणसाला त्यातले नवल एकच वाटले: मराठी! आधीच्या फोनांत देवनागरी म्हणजे रिकाम्या चौकटींची रांग. यात 'क्ष' आणि 'ज्ञ' सुद्धा नीट उमटत. एसटीत बसून मी एका कादंबरीची चार प्रकरणे अंगठ्याने लिहिली. हाताने लिहिलेल्या प्रकरणांपेक्षा त्यांतली वाक्ये आखूड आली, हे मला छापून आल्यावर कळले. २०१६च्या सप्टेंबरनंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की जेथे एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजत होतो तेथे तेवढे रोज मिळू लागले. त्यापुढचे सांगण्याची गरज नाही, प्रत्येक घरात ते चालूच आहे.

याच फोनाची हकीकत सांगायची म्हणून मी खरे तर लिहायला बसलो.

२०१६च्या दिवाळीत आबांना मी ओटीवर बसवले आणि फोन पुढ्यात ठेवून चार संध्याकाळी बोलते केले. विषय एकच होता, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरण्यांचा संप. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची तारीखच नाही, कारण तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आबा १९८३त गावी परत आले ते कायमचे. इतकी वर्षे ते त्याबद्दल बोलले नव्हते. त्या चार संध्याकाळी बोलले. खोलीतले सामान कोणी कोणी विकले, कोणाच्या नावावर किती उधारी राहिली, साच्याच्या आवाजाची सवय असलेल्या माणसाला गावच्या शांततेत झोप कशी येईना. मला त्यावर कादंबरी लिहायची होती. २०१८च्या पावसाळ्यात आबा गेले. मी नवा फोन घेतला आणि हा खणात आला.

मग २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळाने आमच्याकडची झाडे, खांब आणि तारा आडव्या केल्या, आणि कित्येक दिवस फोन हे नुसते काळे आरसे झाले. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांच्या दारी फोन भरायला रांग लागे. तारा पुन्हा जोडल्या गेल्या तेव्हा शाळा फोनावर भरू लागली होती. माझ्या वर्गात नववीत सव्वीस मुले. घरात तसा फोन होता अकरांच्या. बाकीची पुस्तक घेऊन कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावत. त्यात एक मुलगी होती, हात फार चांगला, वडील बोटीवर खलाशी. तिचे रेखाटन मला महिनाभर कागदावर, दुसऱ्या कोणाच्या हाती येत होते. एके दिवशी मी खण उघडला, २०१४चा फोन काढला, आतले कार्ड बाहेर काढून ठेवले, फोन पार कोरा पुसला आणि तिला नेऊन दिला. सड्यावर, रेंजच्या कातळाशी, छत्री घेऊन ती तासांना बसू लागली.

आठ महिन्यांनी कादंबरी काढली आणि कार्ड लावले. फोटो सगळे होते. आबांचा आवाज नव्हता. फोटो कार्डात जातात आणि आवाज फोनाच्या पोटात राहतो, एवढी साधी व्यवस्था मी चार वर्षांत कधी उघडून बघितली नव्हती. दुरुस्तीवाल्याने फोन बघायला मागितला. तो मागायला मी तिच्या घरी गेलोही. ती ओसरीवर बसून त्यावर चित्र काढत होती, दहावीचे वर्ष तोंडावर होते. मी तिच्या आईकडून चहा घेतला आणि परत आलो. घरी ही हकीकत मी वर्षभर सांगितली नाही. कोणी म्हणेल, दोन दिवसांसाठी मागता आला असता. आला असता. पण एकदा कोरा पुसलेला फोन आठ महिने वापरल्यावर त्यात काही उरत नाही, असे दुरुस्तीवाला आधीच म्हणाला होता. त्याचे म्हणणे खरे ठरवायला मला धीर झाला नाही.

गेल्या मे महिन्यात मुलगी फोन परत घेऊन आली. आता ती रत्नागिरीला शिकते, तिने स्वतःच्या कमाईतून नवा घेतला आहे. जुन्याची पाठ पुरीसारखी फुगली आहे, काचेला तीन तडे आहेत. बॅटरी काढून टाकून मी तो खणात ठेवला, ११००च्या शेजारी. ११०० मात्र खणात फार टिकत नाही. आईने तो मागून घेतला आहे, तिच्या हातात तो अजून चालतो, आणि रात्री गोठ्यात जाताना विजेरीही तीच.

कादंबरीसाठी आता मी आईला बसवतो. आधी तिच्यापुढेही नवा फोन ठेवून बघितला. पण फोन दिसला की ती पिवळ्या पाटीच्या खोक्यात असल्यासारखी ओरडून बोलते, "बरी आहे! सगळे बरे आहे!" आणि गप्प बसते. म्हणून वही घेतली आहे. तिचा संप आबांच्या संपाहून वेगळा आहे. मोर्चे नाहीत, सभा नाहीत, डॉ. सामंतांचे नाव सुद्धा नाही. १९८२च्या फेब्रुवारीत मनिऑर्डर आली नाही, पोस्टमन दारावरून नुसता पुढे गेला, तिथून ती सुरुवात करते. काल मार्चपर्यंत आलो. तांदळाच्या कणगीत तळ दिसू लागला होता.